आसरा आणि आसरे

श्रावण तोंडावर आला की आपल्या भागातल्या घरांत फडताळातल्या पोथ्या खाली उतरतात. लाल फडक्याची गाठ सुटते, पानांना उदबत्ती-कापराचा जुना वास येतो. कुठे शिवलीलामृताचा अकरावा अध्याय, कुठे हरिविजय, कुठे गजाननविजयाचे एकवीस अध्याय. संध्याकाळी जवळच्या मठात महिनाभराचे पुराण सुरू होते. दुपारी घरी मराठी पोथी ऐकणारी बाई संध्याकाळी शेजारणीचा हात धरून मठात जाते, कन्नड पुराण ऐकते, आणि यात आपण काही विशेष करतो आहोत असे तिला मुळीच वाटत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठेही जा, हे असेच आहे.

या सदराला येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न मात्र पुन्हा पुन्हा असतो. घरात कुणी गेलेले असते, कुणाचा संसार मोडलेला असतो, कुणाला दुखण्याने घेरलेले असते. कुणीतरी सांगते, पोथी वाच. मग त्या विचारतात, वाचून नक्की होते काय? "मनाला शांती मिळते" हे तयार उत्तर आपल्या सगळ्यांच्या तोंडी असते. मला ते चटकन देववत नाही. कारण पोथी वाचूनच मन आणखी घायाळ झाल्याचे मी अगदी जवळून पाहिले आहे. आणि तेच मन पुढे त्याच पोथीपाशी कसे विसावले, तेही पाहिले आहे. आज ते सांगते.

गोष्ट २०२१ च्या मे महिन्याची. करोनाची दुसरी लाट ऐन भरात होती. आमच्या शेजारच्या वैनींचे यजमान तापाने निजले. (आमच्याकडे 'वहिनी'चे 'वैनी'च होते, आणि इकडच्या कन्नडमध्येही तोच शब्द चालतो.) वैनींच्या घरी गुरुचरित्राची परंपरा. काही घरांत बायकांनी गुरुचरित्र वाचू नये असा दंडक असतो, त्यांच्याकडे तो नव्हता. यजमानांना उतार पडावा म्हणून त्या सप्ताहाला बसल्या. चौथ्या दिवशी दुपारी यजमानांना श्वास घेता येईना. वैनी पोथी तशीच मिटून उठल्या आणि गाडीत बसल्या. तीन दिवसांनी यजमान गेले. तेव्हाचे दिवस आठवत असतील. अंत्यसंस्काराला मोजकी माणसे, समाचाराला कुणी येणार नाही, तेरा दिवस बंद दारामागे काढायचे.

गुरुचरित्र वाचणाऱ्यांना ठाऊक असेल, सप्ताहात चौथ्या दिवशी बहुतेक घरांत तिसाव्या अध्यायापासून वाचन सुरू होते. त्या अध्यायात माहूरच्या एका तरुण जोडप्याची कथा आहे. नवरा क्षयाने खंगलेला. बायको सावित्री त्याला घेऊन मोठ्या आशेने गाणगापूरला येते, आणि तिथे पोचता पोचता तो प्राण सोडतो. तिसावा अध्याय तिच्या शोकाचा आहे. पुढे बत्तिसाव्यात श्रीगुरूंच्या कृपेने तो पुन्हा उठून बसतो. वैनींचा तिसावा अध्याय संपला होता आणि एकतिसावा सुरू व्हायचा होता, तेव्हा त्यांना उठावे लागले. खूण म्हणून घातलेले तुळशीचे पान तिथेच राहिले.

आता त्या बाईच्या मनात काय चालले असेल याची कल्पना करा. त्या एकच वाक्य बोलत. "आणखी दोन अध्याय वाचले असते तर!" पारायण मोडले म्हणून माणूस गेला, हा काटा त्यांच्या मनात रुतून बसला होता. शेजारपाजारच्या एक-दोघींनी त्याला खतपाणीही घातले. सोवळ्यात काही चुकले का, नैवेद्य राहिला का, असे विचारून. विचारणाऱ्यांच्या मनात वाईट नसेल, पण दुःखावर भीतीचे ओझे चढले की माणूस पार वाकतो. वैनींनी पोथीकडे पाहणे सोडले. देव्हाऱ्यासमोर दिवा लावायचा आणि मान फिरवून निघून यायचे.

आमच्या सासूबाईंना आम्ही अव्वा म्हणतो. त्यांचे माहेर गोकाककडचे, शाळा कन्नड. मराठी उत्तम बोलतात, पण देवनागरी वाचता येत नाही. निर्बंध सैल झाल्यावर त्या रोज संध्याकाळी वैनींना हाक मारून आमच्या सोप्यात आणून बसवू लागल्या. एकदा वैनींनी तेच वाक्य पुन्हा उच्चारले, तेव्हा अव्वा म्हणाल्या, "आजारी माणसाला टाकून तू पोथी वाचत बसली असतीस, तर गुरू रागावले असते. तू उठलीस, दवाखान्यात नेलेस, तेच तुझे पुढचे दोन अध्याय." आणि मग नेहमीप्रमाणे कन्नडमध्ये, "समाधान माडको."

या शब्दापाशी मी तेव्हा थबकले. मराठीत आपण समाधान म्हणतो ते तृप्तीला, मन भरल्याच्या भावनेला. कन्नडमध्ये 'समाधान माडू' म्हणजे मनाला शांत करणे, सांत्वन करणे. एक मिळण्याची गोष्ट, दुसरी करण्याची. आपल्या दोन भाषांत असे कितीतरी जुळे शब्द आहेत. आपला 'आसरा' घ्या. कन्नडमध्ये तो 'आसरे' होतो, आधार किंवा टेकू या अर्थाने. पोथीकडून आपण समाधान मिळण्याची अपेक्षा करतो. ते मिळाले नाही की निराश होतो. अव्वांच्या मते ते रोज थोडे थोडे करायचे असते, जसा रोज स्वयंपाक करायचा असतो.

त्यांनी ते केलेही तसेच. त्यांच्या माहेरची एक वही आहे. अव्वांचे वडील भजनी मंडळात होते. त्यांनी मराठी अभंग कन्नड लिपीत लिहून ठेवलेले. शब्द सगळे तुकोबा-नामदेवांचे, अक्षरे मात्र कन्नड. अव्वा त्या वहीतून एक अभंग म्हणत, मी हरिपाठाचे एक पान वाचत असे, मग अव्वा पुरंदरदासांचे एखादे पद गुणगुणत. सगळे मिळून अर्धा तास. वैनी नुसत्या बसून राहत. कधी शेंगा निवडत, कधी तेही नाही. महिनाभर त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. अव्वांनीही त्यांना "तू म्हण" असे एकदाही म्हटले नाही.

याच काळात त्यांची झोप पूर्ण उडाली होती, जेवण तुटले होते, म्हणून त्यांना डॉक्टरांकडेही नेले. काही महिने गोळ्या चालल्या. हे मुद्दाम सांगते. पोथी हा औषधाला पर्याय नाही आणि औषध घेणे म्हणजे श्रद्धा उणी पडणे नव्हे. आठवडेच्या आठवडे झोप नाही, अन्न नको वाटते, जगणे नको वाटते, असे झाले तर डॉक्टर गाठलाच पाहिजे. आता तर सरकारची 'टेली-मानस' ही १४४१६ क्रमांकाची सेवा फोनवरही मिळते.

डिसेंबरात दत्तजयंती आली तेव्हा वैनींनी आपण होऊन पोथी काढली. घरातल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे, मोडलेले पारायण पहिल्यापासून करावे. वैनी म्हणाल्या, "नाही. जिथे उठले तिथूनच बसते." वाळून करडे झालेले तुळशीचे पान तसेच होते. त्यांनी एकतिसाव्याऐवजी एक अध्याय मागे घेतला आणि तिसावाच पुन्हा वाचला. मोठ्याने, आमच्या सोप्यात बसून. आवाज दोनदा अडकला. अव्वा एवढेच म्हणाल्या, "ओदव्वा." वाच गं बाई.

अध्याय संपल्यावर वैनी जे बोलल्या ते मला कोणत्याही प्रवचनात ऐकायला मिळाले नव्हते. त्या म्हणाल्या, "इतकी वर्षे वाचते आहे, पण माझे लक्ष कायम पुढच्या चमत्काराकडे. तो माणूस उठून बसेपर्यंत मला धीर नसायचा. त्या बाईच्या रडण्याला पोथीने केवढी जागा दिली आहे, हे आज पहिल्यांदा दिसले."

मला वाटते, धर्मग्रंथांच्या आसऱ्याचे मर्म इथे आहे. वैनींचा माणूस परत आला नाही. कुणाचाच येत नाही. बत्तिसाव्या अध्यायाचे अभिवचन हातात धरून बसणाऱ्याच्या पदरी निराशाच येण्याची शक्यता फार. पण तिसावा अध्याय प्रत्येकाचा आहे. नवऱ्याचा देह मांडीवर घेऊन आक्रोश करणारी एक बाई काही शतकांपूर्वी कुणीतरी पोथीत लिहून ठेवली, तिचा विलाप पवित्र मानला, सोवळ्यात बसून वाचण्याजोगा मानला. आपले रडणे जगात पहिले नाही आणि ते लपवण्याजोगेही नाही, हे कळणे हाच मोठा टेकू असतो.

याचा अर्थ पोथीतला प्रत्येक शब्द डोक्यावर घ्यायचा असा नव्हे. त्याच कथेत पुढे विधवेचे कडक आचार सांगितले आहेत, सहगमनाची थोरवी सांगितली आहे. ती त्या काळाची समजूत. आज त्या शब्दांनी कुणाही बाईला बांधता कामा नये. वैनींनी ते भाग वाचले आणि पान उलटले, दुसरे काही नाही. कुंकू लावायचे की नाही, हे त्यांनी स्वतः ठरवले. आसरा घेतलेल्या घरात सगळ्याच खोल्यांत राहायचे नसते.

त्या दिवसांत आणखी एक गंमत झाली. वाचता वाचता वैनी सायंदेवाच्या कथेपर्यंत आल्या. तिथे मराठी ओव्यांच्या मध्येच कन्नड पदे आहेत. वैनी ती देवनागरीतून अडखळत वाचू लागल्या, तशी आत भाजी चिरणाऱ्या अव्वा हात पुसत बाहेर आल्या. "इदु नम्म मातु!" अरे, ही तर आमची बोली! त्यांनी दोन शब्दांचे उच्चार सुधारून दिले आणि मग खाली बसून पूर्ण अध्याय ऐकला.

गुरुचरित्राचे कर्ते सरस्वती गंगाधर हे मूळचे कन्नडभाषक होते, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत नसते. सायंदेवांच्या वंशातले ते. हे सायंदेव कडगंचीचे, आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातले. मराठी ही आपली भाषा नव्हे, असे सरस्वती गंगाधरांनी ग्रंथातच म्हटले आहे. आणि त्यांच्या हातून झालेला हा ग्रंथ महाराष्ट्रातल्या घराघरांत वेदासारखा मानला जातो. ज्या नृसिंह सरस्वतींचे हे चरित्र, ते जन्मले विदर्भातल्या कारंजाला, राहिले औदुंबरला, नृसिंहवाडीला आणि मग गाणगापूरला. आज यातली काही ठिकाणे एका राज्यात आहेत, गाणगापूर दुसऱ्या. १९५६ साली राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या, त्यावरून आपल्या भागाने काय काय सोसले ते वेगळे सांगायला नको. पण वाडीहून गाणगापूरला जाणाऱ्याला वाटेत आपला देव बदलला असे कधी वाटले नाही.

खुद्द पंढरीच्या विठ्ठलाला ज्ञानदेवांनी 'कानडा' म्हटले. त्याचा अर्थ कुणी 'कळायला अवघड' असा करतात, कुणी 'कर्नाटकाचा' असा. आमच्या अव्वांना दोन्ही पटतात. पुरंदरदासांनी आपल्या पदांच्या शेवटी 'पुरंदर विठ्ठल' अशी मुद्रा ठेवली. विजापूरजवळच्या काखंडकीचे महिपतिदास कन्नडबरोबर मराठीतही पदे रचत. मन्मथस्वामींनी वीरशैव तत्त्वज्ञान 'परमरहस्य' या मराठी ग्रंथात मांडले. शिशुनाळचे शरीफसाहेब मुसलमान, त्यांचे गुरू गोविंदभट्ट ब्राह्मण, आणि त्यांची तत्त्वपदे आज धारवाड-हावेरीकडे सगळ्यांच्या तोंडी. जमखंडीला जन्मलेल्या गुरुदेव रानड्यांनी मराठी संतांवर ग्रंथ लिहिला आणि कन्नड संतांवरही. ही सगळी नावे आपल्या पाचपन्नास कोसांच्या टापूतली किंवा त्याला लागून असलेली. एवढे धन दारात असताना 'काय वाचू' हा प्रश्न पडू नये.

आणि ही माणसे सुखात लोळून लिहीत नव्हती. तुकोबांची पहिली बायको आणि मुलगा दुष्काळात गेले, धंदा बुडाला. म्हणून तर त्यांचे अभंग विठ्ठलाशी भांडतात, त्याला बोल लावतात, रुसतात. देवावर चिडल्याची लाज वाटणाऱ्या माणसाने तुकोबांची गाथा उघडावी. अक्कमहादेवींनी राजवाडा सोडला आणि सगळे पाश तोडून त्या बाहेर पडल्या. एकटेपणाची धग त्यांच्या वचनांत आहे. सुखी माणसाला हे वाचून छान वाटते, दुःखी माणसाला मात्र हे आपले वाटते. फरक एवढाच, पण मोठा.

आता एका आईची गोष्ट. विनोबांच्या आई रुक्मिणीबाई. त्यांचे माहेर कर्नाटकातले आणि त्यांच्या तोंडी कन्नड भजने असत. सासर मराठी. त्यांना गीता समजून घ्यायची होती. संस्कृत येत नव्हते, आणि मराठीतली भाषांतरे जड वाटत होती. मग तूच का करत नाहीस, असे त्यांनी मुलाला म्हटले. १९१८ साली त्या गेल्या. मुलाने गीतेचा सोपा समश्लोकी अनुवाद १९३०-३१ मध्ये केला आणि त्याचे नाव ठेवले 'गीताई'. पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि सोबत कैदेत असलेल्या साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. तीच 'गीता प्रवचने'. ती कन्नडसह अनेक भाषांत गेली.

मला या गोष्टीत आपल्या घरांसाठी एक साधी शिकवण दिसते. ज्या भाषेत माणूस रडतो, त्या भाषेत त्याला ग्रंथ मिळाला पाहिजे. आपल्या घरांत ती भाषा प्रत्येकाची एकच नसते. आजी कन्नडमध्ये रडते, आई मराठीत, आणि नातवंडे इंग्रजी शाळेत शिकून कशात रडतात ते त्यांचे त्यांनाच ठाऊक. म्हणून घरात अमुकच पोथी, तीही अमुकच भाषेत, असा हट्ट धरू नये.

पत्र पाठवणाऱ्या मैत्रिणींनो, तुमच्यासाठी चार गोष्टी सांगते.

पहिली, थोडे वाचा, पण मोठ्याने. मनातल्या मनात वाचताना मन भरकटते. मोठ्याने वाचताना श्वासाला लय लागते, आणि दुःखात आधी बिघडतो तो श्वासच. ज्ञानेश्वरीच्या नऊ हजार ओव्या पाहून घाबरू नका. रोज पाच ओव्या पुष्कळ झाल्या. मनाचे श्लोक दोनशे पाच आहेत. रोज एक घेतला तरी सात महिन्यांच्या आत होतात. दासबोधाचे दोनशे समास आहेत, रोज एक समास वाचायला पंधरा-वीस मिनिटेही लागत नाहीत.

दुसरी, जमले तर एकटीने वाचू नका. एकीने वाचावे, दुसरीने ऐकावे. ऐकणारीला अर्थ कळलाच पाहिजे असे नाही. वैनी महिनाभर नुसत्या बसल्या होत्या, ते बसणेही वायाला गेले नाही.

तिसरी, भीती घालणाऱ्यांपासून दूर राहा. एक दिवस चुकला, पाळी आली, पारायण मोडले, म्हणून कोप होईल, असे सांगणारा माणूस कितीही जाणता असो, त्याचे ऐकू नका. नियम हे मन एका जागी बसावे म्हणून असतात. ते मनाला डागण्या द्यायला लागले की बाजूला ठेवावेत. पोथीच्या शेवटची फलश्रुती वाचावी, पण तिच्याशी सौदा करू नये.

चौथी, वाचून लगेच बरे वाटले नाही तर स्वतःला दोष देऊ नका. वैनींना सात महिने लागले. आजही मे महिना आला की त्या गप्प होतात. पोथीने त्यांचे दुःख नाहीसे केलेले नाही. रोज संध्याकाळी ते घेऊन बसायला एक जागा दिली, एवढेच केले.

शेवटी एक विनंती. अव्वांच्या माहेरच्या वहीसारख्या वह्या आपल्या भागात पुष्कळ घरांत असतील. मराठी अभंग कन्नड अक्षरांत, कन्नड पदे देवनागरीत, कुठे वरच्या बाजूला ताल लिहिलेला, कुठे समासात एखाद्या जन्माची किंवा मृत्यूची तिथी. माळ्यावरच्या ट्रंकांत, जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यात त्या पडून असतात. घर बदलताना त्या रद्दीत जातात, कारण मराठी वाचणाऱ्याला अक्षरे कळत नाहीत आणि कन्नड वाचणाऱ्याला शब्द. या श्रावणात त्या शोधा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून एक-एक पान वाचून घ्या आणि नातवंडांना मोबाइलवर फोटो काढून ठेवायला सांगा. वाचताना अडले तर शेजारच्या काकूंना हाक मारा. त्या मराठी असोत की कन्नड, त्यांना त्यातले अर्धे नक्की येत असेल.